चिठ्ठी न लावलेलं पुस्तक

अख्खा रस्ता त्यांना चिठ्ठीबाई म्हणतो, आणि त्यांना त्याचा राग वगैरे अजिबात येत नाही. त्यांच्या पुस्तकांच्या दुकानाचा खाक्याच तसा. वाचून आवडलं तर पुस्तकाला स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी लावायची, नाही आवडलं तर नाही लावायची. 'मनसोक्त रडायचं असेल तर घ्या.' 'नवऱ्याशी भांडण झालंय? आधी हे वाचा, मग ठरवा.' असल्या चिठ्ठ्या! गिऱ्हाईकं पान उलटूनही बघत नाहीत, चिठ्ठी वाचून सरळ गल्ल्यावर येतात. एकदा एका बड्या लेखकानं भर कार्यक्रमात विचारलं, "माझ्या पुस्तकाला चिठ्ठी का नाही?" बाई म्हणाल्या, "चहा घ्या, गार होतोय."

आणि मग त्यांच्या लेकीनंच पुस्तक लिहिलं. एका हट्टी मुलीची गोष्ट.

बाईंनी ते ओट्याशी उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. पण अर्ध्यानंतर त्या मुलीला काय झालं कोण जाणे! एकदम शहाणी झाली, सगळ्यांना माफ करत सुटली, शेवटी आईच्या गळ्यात पडली. बाईंनी पुस्तक मिटलं. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच.

लेकीच्या कार्यक्रमाचा दिवस उजाडला. दुकानात खुर्च्या मांडून झाल्या, पुढच्या टेबलावर तिच्या पुस्तकांचा गठ्ठा लागला. चिठ्ठीचा पत्ता नाही. गल्ल्यावरून नवऱ्यानं हळूच म्हटलं, "अगं, दोन ओळी खरड ना. पोटची पोर आहे."

"अहो, पोटची आहे म्हणूनच. आज खोटी लावली, तर उद्या खरी लावल्यावर ती विश्वास कशी ठेवेल?"

बोलल्या ठणकावून, पण खिशातली कोरी चिठ्ठी त्यांनी पार चुरगळून टाकली होती.

लेक आली. आल्या आल्या नजर गठ्ठ्यावर गेली आणि तिचा चेहरा एवढासा झाला. तरी पुस्तकातला उतारा छान वाचला तिनं. टाळ्या पडल्या. नेहमीचं गिऱ्हाईक असलेले दातांचे डॉक्टर हसत म्हणाले, "बाई, चिठ्ठी लावायची राहिली वाटतं?"

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. बाई उभ्या राहिल्या. "राहिली नाही. मी लावली नाही. अर्धं पुस्तक असं आहे, की माझं दूध उतू गेलं. पुढे ही घाबरली. आईला आवडेल असं लिहायला लागली. आईला ते नाही आवडलं."

लेकीनं पिशवी उचलली. दारात वळून म्हणाली, "पुढचं तुला आवडावं म्हणून लिहिणार नाही मी!"

"नकोच लिहूस," बाई म्हणाल्या.

त्यानंतर लेक फिरकली नाही. फोन यायचा तो बापाला. बाईंना आत तुटायचं, पण त्या बधल्या नाहीत. तिच्या गठ्ठ्यावरची धूळ मात्र रोज स्वतः पुसायच्या, नवऱ्यालासुद्धा हात लावू द्यायच्या नाहीत.

लेकीचं दुसरं पुस्तक आलं ते पार्सलनं. आत सहीसुद्धा नाही. गोष्टीत एक दुकानदार आई होती. तिरसट, हेकट, कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. बाईंना पानोपानी झोंबलं. एके ठिकाणी तर त्या पुस्तकावरच ओरडल्या, "असं कधी म्हटलं मी?" मग आठवलं. म्हटलं होतं. शेवटचं पान संपल्यावर डोळे पुसले आणि चिठ्ठी लिहायला बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "लेकीला फोन लावा. कार्यक्रम इथेच होणार म्हणावं."

लेक आली ती जरा तोऱ्यातच. पण नजर मुकाट्यानं टेबलाकडे वळलीच. प्रत्येक पुस्तकाला चिठ्ठी होती.

'यातली आई म्हणजे मी. एक ओळही खोटी नाही. घ्याच.'

मागे न वळताच लेकीनं विचारलं, "शेवटपर्यंत वाचलंस?"

"दूध दोनदा उतू गेलं," बाई म्हणाल्या.