बावखलातली पांढरी फुलं

कमळं केळीसारखी लावता येतात, असं मला वाटलं होतं. आता हसू येतं, पण तेव्हा मी स्वतःला निर्मळ गावच्या समस्त सुनांमध्ये हुशार समजत होते. आम्ही वाडीवाले. केळीला कुणी बी पेरत नाही. चांगल्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा काढायचा, पुढच्या खड्ड्यात लावायचा, की तेच झाड पुन्हा उभं. पानवेलीचंही तसंच. मग पाण्यातल्या फुलांचे वेगळे लाड कशाला?

आमच्या वाडीत बावखल आहे, झाडांना पाणी द्यायला जुन्या माणसांनी खणलेलं लहानसं तळं. त्यात पांढरी कमळं असायची. रात्री उमलायची आणि सकाळी उन्हं चढली की मिटायची. पाहुणे येईपर्यंत सगळा कारभार बंद. असल्या आळशी फुलांचा मला भारी राग. माहेरच्या ओळखीतून मी एका गुलाबी कमळाचा गड्डा आणला. ते दिवसभर उघडं राहायचं. त्याचे तुकडे करून चिखलात खोचले, आणि पांढरी उपटून काठावर वाळत टाकली.

सासूबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. आम्ही सगळे त्यांना आय म्हणायचो.

"एक कोपरा ठेव गं पांढऱ्यांना."

"कशाला आय? दुपारी तोंड मिटून बसतात."

"बसू देत. मी मेल्यावर, पुरताना पेटीवर मला तीच हवीत."

"तोवर गुलाबी आणखी छान होतील," मी म्हटलं. असं म्हटलं मी, त्यांच्या तोंडावर.

गुलाबी खरंच पसरली. लोक बघायला यायचे आणि मी मिरवायची. पण कौतुक ओसरल्यावर मला तिथे कसंतरी व्हायला लागलं. पानं, पाकळ्या, मान कलती करायची ढब, सगळं एक. एकच बाई सगळ्या खिडक्यांतून बघतेय, असं वाटायचं. शिवाय फळ कधी धरलं नाही. पांढरी मिटली की वाकून पाण्याखाली जायची आणि खाली गुपचूप फळ पिकवायची. ही नुसती सडून जायची.

मग एका पावसाळ्यात एक गड्डा कुजला, आणि पाठोपाठ सगळे. एकाला जे झेपलं नाही ते कुणालाच झेपलं नाही. त्याच हिवाळ्यात आय गेल्या. मी पहाटे बावखलावर धावले, तर काळं पाणी आणि त्यात माझंच तोंड. पेटीवर बाजारातली गुलछडी ठेवली. माझ्याहून वयाने मोठ्या नणंदेने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याबद्दल बोलली काहीच नाही. पुढेही कधी नाही.

तेव्हापासून बावखलापाशी आय असतात. मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाणारी बाई, भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. पण संध्याकाळी पंप बंद करायला गेलं की काठावरचं गवत दबलेलं असतं, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं. मागे वळून बघायची हिंमत होत नाही. जिवंतपणी निदान चहा दिला की शांत व्हायच्या.

गेल्या उन्हाळ्यात टँकरवाल्यांनी आजूबाजूचं पाणी इतकं उपसलं की बावखल तळापर्यंत आटलं. चिखलाला भेगा पडल्या. पावसात ते पुन्हा भरलं आणि वर नखाएवढी पानं तरंगू लागली. भास असेल म्हणून मी गप्प बसले. शेवटी नातीला दाखवलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. ती सरळ पाण्यात उतरली.

"आजी, ही बियांची रोपं आहेत. चिखलात झोपली होती."

"म्हणजे तीच पांढरी?"

"तीच नाही गं, त्यांची मुलं. तुझं ते गुलाबी तळं म्हणजे एकच झाड होतं, तू फक्त त्याचे तुकडे केलेस. म्हणून एका रोगात सगळं गेलं. ही बघ, याचं पान खालून जांभळं, याचं हिरवं. प्रत्येकाचं रक्त वेगळं."

नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनाच्या सकाळी, दोन फुलं उमललेली दिसली. दोनच. एक रुंद पाकळ्यांचं, दुसरं निमुळतं, पण वास तोच. आयच्या थडग्यावर वाहायला म्हणून कोयता घेऊन मी पायऱ्या उतरले, तोच नात ओरडली, "आजी, तोडू नकोस! पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आटलं तर ही कोवळी रोपं मरतील. या फुलांतून धरलेलं बीच काय ते टिकेल. आणि चिखलात आणखी बी उरलंय का, कुणाला माहीत?"

"आणि आयला मी काय देऊ? पुन्हा गुलछडी?"

मी फुलाचा देठ धरला. थंडगार होता, आणि काठावर कुणीतरी उभं असल्याचं मला मान न वळवता कळलं. वळले, तर नणंद होती. दफनभूमीत बरोबर जायचं म्हणून मेणबत्त्या घेऊन आलेली. तिने मेणबत्त्या काठावर ठेवल्या आणि वाकून दोन्ही फुलं पाहिली. मग म्हणाली,

"सोड ते, वहिनी. एवढी वर्षं थांबलीय आय, आणखी थोडी थांबेल. नाहीतरी तुझ्याआधी मीच जाणार आहे. मी सांगते तिला."