मोरचुदाचा खडा

"लांब उभं राहा राव, माझा हात सुटतो."

समोरच्या माणसाला तो आधी असं बजावायचा आणि मग मारायचा. बजावलं की आपलं काम झालं, अशी त्याची समजूत. राजुरीत मी खताच्या दुकानात काउंटरला होतो आणि तो मागच्या शेडमध्ये फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नोझलमध्ये अडकलेला केस चिमटीनं अलगद काढेल, आणि तोच हात माणसावर पडला की दात घेऊनच परत येईल.

एक गिऱ्हाईक "पंप गळतो" एवढंच म्हणालं. त्यानं पंपाच्या दांड्यानं त्याचं नाक फोडलं आणि मग स्वतःच मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला म्हणे, "वायसर गेलंय पंपाचं. उद्या बदलून देतो." हे सांगून आम्ही हसायचो.

बायकोचं मनगट त्यानं दोनदा मोडलं, त्यावर कुणी हसत नसे. खरं तर कुणी ते सांगतच नसे. मी शेजारच्या खोलीत राहायचो, भिंत एकच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.एस्सी. झालेला. पण आवाज यायला लागला की त्या भिंतीपलीकडे मी एकदाही गेलो नाही. हेही लिहायला हवं.

शेवटी ती माहेरी पेठला निघून गेली. बैठक बसली, शेजारी म्हणून मलाही नेलं. सगळे बोलून दमल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या घरात एक वस्तू धड राह्यलेली दाखवा. मी येते."

त्याच सुमाराला मी घरी स्फटिक वाढवायचा एक स्वस्तातला किट मागवला होता. प्लास्टिकचा पेला, दोरा, तुरटीची पुडी. कॉलेजात निम्मी प्रॅक्टिकलं आम्ही वहीतच केली, त्यामुळं हौस राहून गेली होती. तो दुकानातच मांडला. काउंटरवरच्या पेल्यात दोऱ्याला लटकलेला खडा तो रोज वाकून बघायला लागला.

"बीएस्सी, ही दाढीची तुरटी वाढती?"

"धक्का लागला नाही तर वाढते, भाऊ."

"आन लागला तर?"

"मग नुसता चुरा."

तो काउंटरपासून एक पाऊल मागं सरला. संध्याकाळी दुकानातून मोरचूद घेऊन गेला. "निळाच पायजे. तिला निळं आवडतं."

आमच्याकडे मोरचूद लागतं ते द्राक्षावर फवारायला, आणि त्यात चुना पडतोच. त्यानंही सवयीनं टाकला. बरणीत निळं दही झालं. त्यानं बरणी भिंतीवर फोडली आणि दुसऱ्या दिवशी नवी आणली. या खेपेला चुना नाही, पाणी फडक्यातून गाळलेलं, दोऱ्याला बारका खडा बांधलेला. त्या घरात दार आपटायचं बंद झालं. चप्पल तो बाहेर काढायचा. शेडमध्ये मात्र त्याच दिवसांत एका ट्रॅक्टरवाल्याचं डोकं पान्यानं फोडलं. "घरात न्हाई फोडलं," मला वर ऐकवलं.

महिन्याभरात खडा आवळ्याएवढा झाला. कडा पात्यासारख्या. पेठला निरोप गेला.

ती भावासोबत आली. मी दारातच होतो. तिनं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि बरणीपुढं उकिडवी बसून बघत राहिली. तिचा भाऊ द्राक्षबागेत राबणारा. त्याला ते फवारणीचं पाणी वाटलं. चुना पुरेसा पडलाय का हे बघायला त्या पाण्यात विळा बुडवतात, पातं तांबूस झालं तर चुना कमी. त्यानं कोपऱ्यातला विळा घेतला, बरणीत घातला आणि ढवळला. पात्याखाली खडा फुटला.

"दाजी, चुना कमी पडलाय," तो लाल पातं दाखवत म्हणाला.

या वेळी बजावणं नव्हतं. पहिल्या ठोशाला मेव्हणा उताणा पडला. तो त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला, कणीक तिंबावी तसा. पहिल्यांदाच मी मध्ये पडलो. त्याचं कोपर तोंडावर बसलं आणि माझा पुढचा दात गेला. आरडाओरडा ऐकून आलेल्या चौघांनी मिळून त्याला ओढला तेव्हा मेव्हण्याच्या कानातून रक्त येत होतं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते पोलीस ठाण्यात. हवालदारानं त्याच्या दोन मुस्काटात ठेवून दिल्या, आईवरून शिवी दिली. तो बाकावर तसाच बसून राहिला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर.

"बघा भाऊ," ती मला हळूच म्हणाली, "हितं हात कसं जाग्यावर राहत्यात."

तिनं तक्रारीवर सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली.

आम्ही उठलो तेव्हा तो तिला म्हणाला, "फुटायच्या आधी बघितला व्हता ना तू?"

"बघितला. लई चांगला व्हता."

मग तिनं कानावर बोळा धरलेल्या भावाला दंडाला धरून उठवलं आणि पेठला जायला एसटी किती वाजता आहे, ते हवालदाराला विचारलं.