न तोललेल्या वाट्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढे जात नाही.

मी मंगळसूत्रं गाठवते. काळी पोत, सोन्याचे मणी, मधे डोरलं किंवा वाट्या. आईकडून शिकले. लग्न होऊन भंडाऱ्याकडून इथे रायपूरला, गुढियारीत आले, तेव्हा हे काम इथं कोणाला लागेल असं वाटलं नव्हतं. पण रायपूर राजधानी झालं, ऑफिसं आली आणि बदलीच्या नोकऱ्यांसोबत मराठी बायका आल्या. इथले दागिने ओवणारे पटवे दोरा सुरेख वळतात, पण आपली पोत त्यांच्या हातची नाही. मग बायका माझं घर विचारत येऊ लागल्या.

गळा रिकामा ठेवायचा नाही, म्हणून आलेल्या बाईच्या गळ्यात मी आधी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधायची, मगच तिचं मंगळसूत्र उतरवायची. आणि आमच्यात सौभाग्याचा दागिना तोलत नाहीत. तोलला तर अपशकुन, शिवाय समोरच्यावर भरवसा नाही असं होतं. बायका वाट्या माझ्या हातात देत आणि हळकुंड घालून घरी जात. मलाही काट्याची गरज पडली नाही. तळहातावर घेतलं की सोनं कळायचं.

माझी थोरली जाऊ बारावी शिकलेली. तिला मी ताई म्हणते. कलाशाळेत दागिन्यांचा वर्ग निघाला आहे, शिक्षण विचारत नाहीत, हातचं काम बघून घेतात, हे तिनंच पेपरात वाचलं.

"तू जाय ना. काहून भितेस?" ती म्हणाली. "भाकरी मी टाकीन."

"तिथं लिहाले सांगितलं तर?"

"मी हाये ना. अन् तू का कलेक्टर होऊन राहिली? दागिनेच तर करायचे."

मी गेले. वर्गात पोरी माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांच्यात एक मराठी पोट्टी होती. माझं सगळं तिला समजायचं, पण उत्तर हिंदीतच. "हां आंटी, रख दो उधर." मी मागच्या बाकावर बसायची आणि कोणी विचारल्याशिवाय बोलायची नाही. वाचायला दिलेले कागद घरी आणायची. संध्याकाळी मी कणीक मळायची आणि ताई ओट्याजवळ उभी राहून ते वाचून दाखवायची. अवघड शब्द आला की ती तो दोनदा वाचायची. मला वाटायचं, आम्ही दोघी मिळूनच त्या शाळेत जातो.

शेवटचं काम असं होतं की घरचा एखादा दागिना घ्यायचा आणि त्याला नवं रूप द्यायचं. ते मॅडमना पटलं की वर्षाच्या प्रदर्शनात आपलं वेगळं टेबल, वर आपल्या नावाची पाटी. ती पाटी मला हवी होती. जन्मात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नाही.

इकडच्या खेड्यातल्या बायका रुपयांची माळ घालतात. जुन्या रुपयांना कड्या लावून दोऱ्यात ओवलेली. तशा माझ्या वाट्यांना बाजूनं कड्या लावायच्या आणि त्या रुपयांच्या मधोमध बसवायच्या, असं मी ठरवलं. मंगळसूत्र उतरवलं, स्वतःच्याच हातानं स्वतःच्या गळ्यात हळकुंड बांधलं. सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत.

"वाट्या माह्या पेटीत ठेव," ताई म्हणाली. "तुह्या ट्रंकेले कुलूप नाही. घरात दहा लोकं येतात."

मी ठेवल्या. कामाच्या दिवशी सकाळी तिनं लाल कागदाची पुडी माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांना लावली आणि पिशवीत टाकली. दुसऱ्या बायकांच्या वाट्या मी आधी तळहातावर घेते. या घेतल्या नाहीत. ताईनं दिल्या होत्या.

वर्गात मी एक वाटी पुडीतून चिमट्यानंच उचलून तिला कडी बसवली, फुंकणीच्या ज्योतीनं टाका लावला. मग तुरटीच्या उकळत्या पाण्यात वाटी सोडली. भाजून काळवंडलेलं सोनं त्या पाण्यात पुन्हा उजळतं. माझी वाटी तांबूस, चट्ट्याचट्ट्यांची निघाली. मॅडमनी चिमट्यात धरून ती कानशीनं जराशी घासली.

"दीदी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ये सोना नहीं है. पीतल पे पानी चढ़ा है."

हळू बोलल्या, पण पोरींनी ऐकलंच. ती मराठी पोट्टी म्हणाली, "क्या आंटी, अंकल ने मंडप में ही टोपी पहना दी?" सगळ्या हसल्या.

घरची गोष्ट तिथं कशी सांगणार? "हव मॅडम," मी म्हटलं, "सरावासाठी आणली होती." दुसरी वाटी मी ज्योतीपाशी नेलीच नाही. तळहातावर घेतली. तेवढ्यानं कळलं.

ताई भाजी चिरत होती. मी तिच्यासमोर बसले. "ताई, माह्या वाट्या कुठं हायेत?"

तिनं विळी बाजूला सारली नाही. "भावाची मेस बुडून राहिली होती," ती म्हणाली. सिलतऱ्याला तिचा भाऊ कारखान्यातल्या मजुरांना जेवण द्यायचा. "इकल्या मी. नवीन करून आणून ठेवणारच होती. तुले समजलंही नसतं."

वाट्या विकल्याचं दुःख झालंच. पण मला समजलं नसतं, हे वाक्य जास्त लागलं. इतके महिने मला कागद वाचून दाखवणाऱ्या बाईनं माझ्याबद्दल हे गृहीत धरलं होतं.

घरात तिचं नाव मी घेतलं नाही. ती स्वतः सांगेल असं वाटलं. दोन दिवसांनी सासूबाईंनी माझ्या पिशवीत ती डागाळलेली वाटी पाहिली आणि आम्हा दोघींना समोर उभं केलं. मी ताईकडे पाहिलं. ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, "मले काय ठाऊक? मी तर पुडी जशीच्या तशी देली. कॉलेजात दहा हात लागतात. नाही तर हिनंच काही केलं असंन."

मी अशीच आहे. खरं बोलायचं असलं की जास्तच गप्प होते. नवऱ्यानं शाळा बंद म्हटलं, बंद झाली. प्रदर्शन झालं तेव्हा मी घरी पापड लाटत होते.

पण तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. घरातलं बोलणं शेजारी गेलं आणि तिथून ऑफिसच्या क्वार्टरांत. हिच्याकडे सोनं बदलतं म्हणे, आणि तेही हिच्या स्वतःच्या गळ्यातलं. काही बायका यायच्या बंद झाल्या. ज्या येत, त्या पर्समधून सराफाची चिठ्ठी काढत.

"राग नका मानू हं," एक जण म्हणाली, "ह्यांनी वजन करूनच न्यायला सांगितलंय."

मी राग मानला नाही. तिच्या गळ्यात हळकुंड बांधलं.

ताईशी भांडण असं झालंच नाही. एका चुलीवर भांडायला जागा नसते. तिच्या भावाची मेस पुढं सावरली. मग ती थोडे थोडे पैसे देऊ लागली. कधी डाळीच्या डब्यावर ठेवायची, कधी उशाखाली. बोलायची नाही. मीही घेऊन ठेवायची. असं काही वर्षं चाललं.

शेवटचे पैसे तिनं हातात दिले. सासूबाई बाहेरच्या खोलीत वटाणे सोलत बसल्या होत्या.

"झाले आता सारे," ताई म्हणाली.

मी बाहेरच्या खोलीकडे बघून धीर करून म्हटलं, "ताई, एकदा त्याईले सांगून दे. तूच इकल्या म्हणून."

"आता काहून? पैसे तर देले ना."

मी तिथंच, तिच्यासमोर पैसे मोजले. तिला ते आवडलं नाही, पण ती उभी राहिली. पैसे पुरे होते. एक रुपयाही कमी नव्हता.