एक बैल साताऱ्याकडं

विश्रामबागेतला आमचा औषधवाला गिऱ्हाइकाला नावानं नाही, रोगानं ओळखतो. "या मूळव्याध, बसायला येतंय का आता?" असं तो भर दुकानात विचारतो आणि साठीची मूळव्याध निमूट मान हलवते. मी त्याच्या लेखी "एडीएचडीचे वडील", कारण लक्ष लागावं म्हणून मुलीला दिलेल्या गोळ्या मीच नेतो.

त्यातल्या काही मी खायचो. आज लिहूनच टाकतो. गोळी पोटात असली की चार पेगांनंतरही मी शुद्धीत वाटायचो आणि पाचवा भरायचो. मित्र म्हणायचे, गड्या, लोखंड हाईस तू.

एकदा गोळ्या आठवडाभर आधीच संपल्या. दुकानात मुलगीही सोबत होती. "गोळ्या मीच कुठंतरी हरवते, माझं लक्षच नसतं," ती म्हणाली. मी पाकीट काढून पैसे मोजू लागलो.

औषधवाल्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, तिला कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर पाठवलं आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

"कशासंगं घेता?"

"व्हिस्की."

"गोळीनं चढल्याली कळत न्हाई, पण चढती तेवढीच. एक बैल साताऱ्याकडं, एक मिरजेकडं आन् जू तुमच्या काळजावर. मराल की हो."

"सोडतो. तिला सांगू नका."

"मी कशाला सांगू? पण पोरगी सोताला येडी समजाय लागलीया, त्याची गोळी माझ्याकडं न्हाई."

मी काट्यापाशी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. काट्यावरून उतरत म्हणाली, "म्हणजे मी हरवत नव्हते?"