सगळ्याला नको म्हणणारा
भिंतीआड सून म्हणाली होती, "तुम्हाला आयुष्यात काही हवं असतं का हो? पंखा नको, पाहुणे नकोत, मूल नको."

"तू हवी होतीस. तिथेच चुकलो," मुलगा म्हणाला.

सून आधी हसली, मग रडली. म्हातारीने इकडे भांडी जरा जास्तच जोरात घासली. त्याला बारा वर्षं झाली.

मुलगा संगणक दुरुस्त करायचा. खाली दुकान, वर दोन खोल्या. मग असा आजार जडला की आधी जीभ गेली, मग एकेक बोट. सून दिवसभर कामावर, घरात म्हातारी, आणि तिची शाळा दुसरीत सुटलेली. त्याने लिहिलेलं तिला वाचून दाखवणार कोण? म्हणून त्याच्या मनाने घेतलं, लिहिलेलं संगणकाने मोठ्याने बोलायचं.

दुकानातल्या जुन्या संगणकाला तयार ऑपरेटिंग सिस्टीम पेलेना. मग तो ती सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ आज्ञांपासून, स्वतःच बांधायला बसला.

"संगणकाला उठवून कामाला लावणारा कारभारी असतो ना, आई," सून सांगायची, "हे तो घरीच घडवताहेत."

"बाजारात मिळत नाही?"

"मिळतो. पण लठ्ठ आहे, यात मावत नाही."

आधी अवजारं बांधायची, मग त्या अवजारांनी तीच अवजारं पुन्हा बांधायची. म्हातारीला हा रिकामा उद्योग वाटे, पण दोन बोटांनी का होईना, पोरगा कामाला लागला होता. पुढे संगणक शेकड्याने प्रश्न विचारू लागला, कारभाऱ्यात हे घालू? ते घालू? हा आपला सवयीने नको, नको, नको.

तीन आठवड्यांनी संगणक उठला. अक्षरं उमटली, आवाज मात्र नाही. सुनेने त्या प्रश्नांची यादी तपासली. आवाजापुढेही नकोच.

"आता मी भांडू कुणाशी?" ती म्हणाली. त्याच्या ओठाची एक कड हलली.

दुसऱ्या दिवशी तिने आवाजापुढे 'हवं' केलं, बांधकाम पुन्हा लावलं आणि कामावर गेली. दिवसभर संगणक घरघरत होता, बांधकाम काही संपेना. संध्याकाळी उरलेल्या एका बोटाने त्याने काहीतरी लिहिलं. म्हातारीने चष्मा चढवला, पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. कु... लू... प.

"एवढंच होय? मला वाटलं, काही बोलतोस."

रोजचंच काम. दोन वर्षं गिऱ्हाईक न आलेल्या दुकानाचं कुलूप बघून यायचं. हे त्याचं शेवटचं सांगणं, ती वर येईतो ते बोटही कायमचं थांबणार, हे तिला कुठे ठाऊक? गुडघा धरत ती जिना उतरली. कुलूप दोनदा ओढलं, तो ओढायचा तसं. पक्कं होतं.