आधी हलर, मग चक्की

मुरबाडच्या कारखान्यात लागलो तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा होता आणि सोल्डरिंगच्या लाइनवर बसणाऱ्या एका मुलीकडे नुसतं दहावीचं प्रमाणपत्र. दोघंही टोकावड्याचे. आमची भातगिरणी होती आणि तिचा बाप तिथे गडी म्हणून मशीन चालवायचा. हे मी कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं, तिनेही नाही. ती मला दादा म्हणायची, मला तेही आवडायचं नाही.

त्या वर्षी आम्ही चार फेजचा पॉवर सप्लाय बनवत होतो. म्हणजे एकाच पेटीत चार छोटे सप्लाय, ओझं वाटून घेणारे. एकदा सुरू झाला की झकास चालायचा. पण बटण दाबताच पहिल्या झटक्याला एवढा करंट ओढायचा की फ्यूजच उडायचा. हे जो सोडवेल त्याला डिझाइनच्या खोलीत टेबल, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. ते टेबल माझंच, असं मी घरी कधीच सांगून बसलो होतो.

आणि मी केलं काय, तर जाड फ्यूज टाकला. गावाकडे फ्यूज सारखा जायला लागला की आपण जाड तार गुंडाळतो, तेच. फ्यूज टिकला, पण साहेबांसमोर बटण दाबलं आणि मेन स्विच पडून अख्खी लाइन बंद झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात तिने विचारलं, चारी एकदम कशाला चालू करायचे?

“आमच्याकडं लाइट आली का माजा बा आदी भात सडायचा हलर लावायचा. त्यानं येग धरला का मंग पॉलिश, मंग चक्की. समदी एकदम लावली तर फ्यूज जायाचाच.”

साहेबांनी पेटी उघडली. मग त्यांनी चारही फेजच्या स्टार्टला वेगवेगळ्या मापाचे कपॅसिटर लावायला सांगितले, म्हणजे एक सुरू झाल्यावर थोड्या उशिराने दुसरा सुरू होईल. ते तिनेच सोल्डर केले. दिवसभरात चाळीसेक वेळा बटण दाबलं, फ्यूज काही गेला नाही.

टेबल तिला मिळालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या नव्या खुर्चीला चाकं होती, मला त्या चाकांचासुद्धा राग यायचा. चहाच्या सुट्टीत मी चारचौघांना मुद्दाम सांगितलं, आमच्या गिरणीतल्या गड्याची पोर आहे ती. कुणी हसलं नाही. एकाने तर विचारलं, मग तुला कसं सुचलं नाही?

रविवारी जेवताना मी वडिलांसमोर सगळं ओकलो. गड्याच्या पोरीने आपल्याच गिरणीतली युक्ती सांगून माझं टेबल पळवलं म्हणालो. पहिली मोटर जळाली तेव्हा एकेक मशीन लावायची ती रीत वडिलांनीच बसवली होती, हे मला त्यांच्याकडून त्या दिवशी कळलं.

“तुला किती येळा हाक मारली, मोटर कशी लावतात बघ म्हणून. तू पुस्तक घेऊन आत बसायचास. ती पोर रोज बापाचा डबा घेऊन यायची नि दारात उभी रायची. मीच तिला एकेक दाखवायचो.”

मी ताट सारून हात धुवायला उठलो. टेबल गेल्याचं दुःख होतंच. पण वडील तिच्याबद्दल ज्या आवाजात बोलले, त्या आवाजात ते माझ्याबद्दल कधी बोलले नव्हते.