धरणातली सुईण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं, ते धरणात जाळं सोडायचं. तेही भांडत. मी म्हणालो, ओढ्याच्या तोंडाशी सोडू, पावसाळ्यात मासा तिथंच जमतो. ती म्हणाली, "तितं नगं. पोटुश्या बाया आल्यात. खोलात सोडा." सोडलं खोलात.

माझी बायको अख्ख्या धरणाची सुईण होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. जाळ्यातल्या माशाच्या पोटावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "भरलीय." भरली की पाण्यात, मग ती महसीर शेरडाएवढी का असेना. वर डोहाळजेवण म्हणून चिमूटभर तांदूळ टाकायची. आमच्या घरी त्या दिवशी पिठलं. चिलापीवर मात्र तिचा दात होता. दुसऱ्याची अंडी खाते म्हणून पोटुशी चिलापीसुद्धा "आली भवानी!" म्हणत टोपलीत आपटायची. लोणावळ्याचा एक हॉटेलवाला गाभोळीसाठी, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांसाठी, मागं लागला. "मावशी, पाहुणे लय मागत्यात." हिनं विचारलं, "तुझी बायको कितव्या म्हयन्यात हाय रं?" "सातव्या." "मग घरी जा, आन तिला इचार गाभोळी काढू का म्हणून." गडी गेला. पुढं मुलगी झाल्यावर पेढे घेऊन आला, मासा न मागता.

बाकीचे मासेवाले आधी हसायचे. मग आमच्या बाजूचं पाणी पिल्लांनी काळं दिसायला लागलं, तशी त्यांचीच जाळी तिकडं सरकली. मी शिव्या घालायचो. ती म्हणायची, "मोठी झाली की धरू द्या. खायालाच सोडल्यात की."

त्या दुपारी जाळं सोडून घरी आलो. चहा टाकते म्हणाली आणि चुलीपुढं बसली ती बसलीच. एक शब्द न बोलता गेली, हे तिच्या स्वभावात बसत नाही. आमची मुलगी सासरहून, वराळ्याहून आली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही बायकोला मसणवटीत पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वल्हं उचललं. ओट्यावरची भावकी म्हणाली, "आबा, सुतक हाय. कुटं निघाला?"

"जाळं पाण्यातच हाय," मी म्हणालो.

कुणी आडवं आलं नाही.

जाळ्यात महसीर होती, जीव धरून. पोटावरून अंगठा फिरवला. मला ते कधीच कळलं नाही, तेव्हाही कळलं नाही. सोडून दिली. मग बाकीचेही सोडले. एक चिलापी तेवढी टोपलीत आपटली आणि मोठ्यानं म्हणालो, "आली भवानी!"

होडीत दुसरं कुणी नव्हतं.